पिन तुम्हीच टाकला होता ना?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतले एक काका मला सोबत घेऊन बँकेत गेले. निवृत्त मुख्याध्यापक, वय 72, रोजचा खर्च वहीत तारीखवार लिहिणारा माणूस. मुलाचा रिकामा फ्लॅट भाड्याने द्यायचा म्हणून त्यांनी एका संकेतस्थळावर जाहिरात टाकली आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला. बोलणारा म्हणाला, मी लष्करात आहे, बदली होऊन येतोय, घर फोटोवरूनच पसंत आहे, डिपॉझिट आत्ताच भरतो. ओळखपत्राचा फोटोही पाठवला. मग म्हणाला, "सर, आमच्या खात्याची पद्धत वेगळी आहे. आधी तुम्ही पाच रुपये पाठवा, मी दहा परत करतो, म्हणजे खातं जुळलं का ते कळेल." पाच गेले, दहा आले. मग मोबाइलवर स्कॅनर आला. काकांनी स्कॅन केलं, पिन टाकला आणि 24 हजार गेले. "अरेरे सर, उलटं झालं. पुन्हा स्कॅन करा, दोन्ही मिळून परत येतील." पुन्हा 24 हजार. तिसऱ्या वेळी 48 हजार. चौथा व्यवहार झाला नाही, कारण दिवसाला एक लाखाची मर्यादा आडवी आली.

बँकेत टेबलापलीकडे बसलेल्या मुलीने सगळं नीट ऐकून घेतलं. बोलायला चांगली होती ती. तिने एकच प्रश्न विचारला, "काका, पिन तुम्हीच टाकला होता ना?" काका "हो" म्हणाले. तिने अर्ज भरून घेतला, पोच दिली. काही आठवड्यांनी उत्तर आलं की व्यवहार ग्राहकाने स्वतः केलेला असल्याने बँकेवर जबाबदारी येत नाही.

एक गोष्ट मी अजून सांगितली नाही. आमच्या वाचनालयात आम्ही काही जण दर शनिवारी ज्येष्ठांना मोबाइल शिकवतो. काका त्या वर्गाला नेमाने येत होते. "पैसे घेताना पिन कधीच लागत नाही" हे वाक्य आम्ही पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतं. काकांच्या वहीत ते आहे, खाली रेघ मारून.

म्हणून डिजिटल व्यवहारांतला विश्वास, साक्षरता आणि सुरक्षितता यांचा गेल्या दहा वर्षांचा हिशेब मांडायला बसलो की मी त्या टेबलापाशी परत येतो. एखाद्याला माहीत असतं, लिहिलेलंही असतं, तरी तो फसतो. मग त्याने पिन टाकला एवढ्यावर सगळा भार त्याच्याच डोक्यावर टाकणं न्यायाचं आहे का? माझ्या मते नाही, आणि का नाही ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

यूपीआयची सुरुवात 11 एप्रिल 2016 ला मुंबईत झाली, 21 बँकांच्या चाचणीने. ती उभी केली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने, म्हणजे बँकांनीच मिळून 2008 मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने. खातं कुठल्याही बँकेचं असो, ॲप कुठलंही असो, पैसे त्याच क्षणी पोचणार, ही कल्पना त्या वेळी जगातही फार ठिकाणी नव्हती. सुरुवात मात्र संथ होती. ऑक्टोबर 2016 मध्ये देशभरात महिन्याला जेमतेम लाखभर व्यवहार होत होते. 8 नोव्हेंबरला 500 आणि 1000 च्या नोटा रद्द झाल्या आणि लोकांना एका रात्रीत नव्या वाटेवर ढकललं गेलं. त्याच सुमारास, 1 डिसेंबरला, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झालं. दुकानादुकानात कार्ड घासायची मशीन आली, मंत्री आले, कॅमेरे आले. नंतर पत्रकार तिथे पुन्हा गेले तेव्हा व्यवहार बऱ्याच अंशी रोखीवर परतलेला होता. मशीन होती, पण रेंज धड नव्हती, शुल्क द्यावं लागत होतं आणि गिऱ्हाइकाला त्यात स्वतःचा फायदा दिसत नव्हता.

ढकलून जे झालं नाही ते पुढे आपोआप झालं. स्वस्त इंटरनेट आलं, दुकानदारावरचं शुल्क 1 जानेवारी 2020 पासून शून्य झालं, करोनात नोटेला हात लावायची धास्ती वाटू लागली. 2024-25 या आर्थिक वर्षात यूपीआयवर 18,587 कोटी व्यवहार झाले, रक्कम 261 लाख कोटी रुपये. ऑगस्ट 2025 मध्ये एकाच महिन्यात 2,000 कोटींचा टप्पा ओलांडला गेला. हे यश खरं आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून होणारी वादावादी संपली, गावी आईला औषधाचे पैसे मिनिटात पोचू लागले, छोट्या दुकानदाराच्या धंद्याची पहिल्यांदा कुठेतरी नोंद राहू लागली.

तरी रोख संपली नाही, उलट वाढली. नोटाबंदीच्या आधी सुमारे 18 लाख कोटींच्या नोटा चलनात होत्या, मार्च 2025 ला त्या 36 लाख कोटींच्या वर गेल्या. बरेच अभ्यासक याकडे कोडं म्हणून पाहतात. मला वाटतं लोकांनी दोन्ही गोष्टींना आपापली जागा दिली. रोजचा व्यवहार मोबाइलवर आणि अडीनडीची पुंजी कपाटात. माणूस जिथे पुंजी ठेवतो तिथे त्याचा शेवटचा विश्वास असतो.

हा विश्वास नेमका कशावर बसतो, ते बाजारात दिसतं. तळेगाव दाभाड्याच्या बाजारात एक भाजीवाली मावशी आहेत, मी बरीच वर्षं त्यांच्याकडून भाजी घेतो. गोणपाटावर मेथी-कोथिंबीर, शेजारी वजनकाटा आणि काट्याला टेकवलेला आवाजाचा डबा. गिऱ्हाइकाने स्कॅन केलं की मावशी हात वर करून थांबवतात. "थांब बाबा, बोलू दे तिला." डबा बोलला की जुडी पिशवीत जाते. मध्यंतरी एका पोराने पैसे पाठवल्याचं खोटं चित्र मोबाइलवर दाखवून 300 रुपयांची भाजी नेली, तेव्हापासून मावशी पडद्याकडे बघतच नाहीत. "चित्र खोटं करता येतं. तिला खोटं बोलता येत नाही," त्या मला म्हणाल्या. वाचता न येणाऱ्या बाईने स्वतःसाठी शोधलेली ही सुरक्षिततेची पद्धत आहे, आणि ती अगदी बरोबर आहे: समोरच्याच्या पुराव्यावर जाऊ नये, आपल्या बाजूने आलेल्या पोचेवर जावं. या दहा वर्षांत सामान्य माणसाच्या सगळ्यात कामी आलेली वस्तू कुठली असं विचारलं तर मी या डब्याचं नाव घेईन. अक्षर न लागता तो कळतो आणि मराठीत बोलतो.

पण त्याच मावशींची दुसरी बाजूही आहे. तो स्कॅनर त्यांच्या मुलाच्या खात्याला जोडलेला आहे. पूर्वी दिवसाची कमाई कनवटीला असायची. संध्याकाळी घरी जाताना त्यातून तेल, साखर, नातवाला खाऊ, देवापुढे नारळ. आता कमाई मुलाच्या मोबाइलवर जाते आणि तेलासाठी मुलाकडे मागावं लागतं. मुलगा चांगला आहे, नाही म्हणत नाही. तरी मागावं लागतं. आपण डिजिटल साक्षरतेबद्दल बोलतो तेव्हा खातं कुणाचं आणि मोबाइल कुणाच्या हातात हा प्रश्न फार कमी विचारतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 21 या काळात, स्वतः वापरते असा मोबाइल देशातल्या निम्म्याहून थोड्याच जास्त बायकांकडे होता आणि कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका एक तृतीयांश होत्या. त्यानंतर चित्र बदललं असणार. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार थेट खात्यात येऊ लागल्यावर तर गावोगावी बायका आधार जोडून घ्यायला बँकांपुढे रांगा लावून उभ्या राहिल्या. खातं झालं. पण त्या खात्याचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो, तो अजून बऱ्याच घरांत नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात आहे. "ओटीपी कुणालाही सांगू नका" ही सूचना त्या घरात लागू कशी करायची?

साक्षरतेचा विषय निघाला की मला त्यातले तीन वेगळे धडे दिसतात. पहिला, बटण कुठलं दाबायचं. तो लोक भराभर शिकले, नातवंडांनी शिकवला. दुसरा, बटण दाबल्यावर काय होतं. तो फार थोड्यांनी शिकवला. क्यूआर कोडला आपल्याकडे सरसकट "स्कॅनर" म्हणतात. कागदावर छापलेला पत्ता आणि तो वाचणारा मोबाइल यांना एकच नाव पडलं, यावरूनच कळतं की आत काय चालतं हे कुणी सांगितलेलंच नाही. स्कॅनर म्हणजे फक्त घेणाऱ्याच्या खात्याचा पत्ता, आणि पिन म्हणजे माझ्या खात्यातून पैसे द्यायला मी केलेली सही. एवढं मनात पक्कं बसलं असतं तर "पैसे मिळवायला स्कॅन करा" हे वाक्य ऐकताच कानाला खटकलं असतं. तिसरा धडा सगळ्यात अवघड: नाही म्हणणं, फोन ठेवणं. आपल्याकडे फौजदार, साहेब, बँकेचे मॅनेजर, डॉक्टर यांच्यापुढे प्रश्न विचारायची सवय कुणी लावली नाही. समोरचा अधिकाराने बोलतोय म्हटल्यावर फोन कापणं हे उद्धटपणाचं वाटतं. आमच्या शनिवारच्या वर्गात आम्ही आता फोन ठेवायचा सराव करून घेतो. एक जण खोटा अधिकारी होतो, दुसऱ्याने त्याचं वाक्य अर्धवट तोडून फोन ठेवायचा. ज्यांनी 40 वर्षं नोकरी केली अशा माणसांना ते पहिल्या दोन-तीन वेळा जमत नाही.

भाषेचा मुद्दाही इथेच येतो. ॲपमध्ये मराठी निवडता येते, पण बँकेकडून येणारा संदेश बहुतेकदा इंग्रजीत आणि संक्षेपांनी भरलेला असतो. पैसे जमा झाले की कापले गेले, हे एका इंग्रजी शब्दावर ठरतं. "मँडेट", "ऑटोपे" या शब्दांवर माणूस बोट ठेवतो आणि दर महिन्याला पैसे कापले जायची परवानगी देऊन बसतो. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या 2019 च्या पाहणीत देशातले 27 टक्केच प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर निघाले होते. त्यांनाही हे इंग्रजी संदेश कळतीलच असं नाही.

स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी सोयी आहेत. साध्या फोनवरून पैसे पाठवता यावेत म्हणून रिझर्व्ह बँकेने मार्च 2022 मध्ये यूपीआय 123पे आणलं. खेड्यात मात्र चालतो तो अंगठा. बँकमित्राच्या छोट्या मशीनवर आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा दिला की पैसे निघतात. म्हातारीला तालुक्याला जायची पायपीट वाचते, हे मोठं काम आहे. पण "ठसा उठला नाही, परत लावा" असं सांगून दोनदा पैसे काढायचे आणि हातात एकदाच द्यायचे, ही तक्रारही जुनी आहे. जमीन-घराच्या नोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून त्यांच्या रबरी नकला केल्याचे गुन्हे देशात घडलेत. पिन बदलता येतो, बोट बदलता येत नाही. म्हणून आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद ठेवायची सोय आहे. ती किती जणांना माहीत आहे, हे आपापल्या घरात विचारून बघावं.

आता सुरक्षिततेकडे. यंत्रणेचा गाभा भक्कम आहे हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. यूपीआय ॲप ठरावीक सिमकार्डाला आणि ठरावीक मोबाइलला बांधलेलं असतं, वर पिन वेगळा. दूर बसलेल्या चोराला हे कुलूप थेट फोडता येत नाही. बँकेच्या आतली कुलपं मात्र फुटू शकतात, आणि त्याचा धडा आपण पुण्यातच घेतला. 1906 साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत ऑगस्ट 2018 मध्ये हल्लेखोर घुसले. खोट्या कार्डांना होकार देणारी पर्यायी यंत्रणा त्यांनी उभी केली आणि 11 आणि 13 ऑगस्ट या दोन दिवसांत 28 देशांतल्या एटीएममधून आणि हाँगकाँगच्या एका खात्यात मिळून 94 कोटींहून अधिक रक्कम पळवली. त्या प्रकरणात ठेवीदारांच्या खात्यांतून पैसे गेले नाहीत. नुकसान बँकेने सोसलं आणि बँक उभी राहिली. कुणाही ग्राहकाला "पिन तुम्हीच टाकला होता ना" असं विचारलं गेलं नाही.

त्यानंतर चोरांनी सोपी वाट धरली. लोखंडी तिजोरी फोडण्यापेक्षा किल्लीवाल्यालाच फोन करायचा. झारखंडमधल्या जामताऱ्यातून केवायसीचे फोन आले, मग "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल" असे संदेश आले. महावितरणला त्याविरुद्ध वारंवार जाहीर खुलासे करावे लागले. पुढे लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून व्हॉट्सॲपवर ॲपची फाइल येऊ लागली. ती उघडली की मोबाइलवर येणारे ओटीपी परस्पर दुसरीकडे जातात. आणि मग आली "डिजिटल अटक". व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी, मागे पोलीस ठाण्याची भिंत, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. 2024 मध्ये लुधियानातल्या एका मोठ्या उद्योगपतीला सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवून सात कोटी उकळले गेले. हा माणूस अडाणी नव्हता, भित्राही नव्हता. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या "मन की बात"मध्ये या प्रकाराबद्दल देशाला सावध केलं. वर्षभराने सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबर 2025 मध्ये तपास सीबीआयकडे दिला. डिजिटल अटक नावाची गोष्ट आपल्या कायद्यात कुठेच नाही, हे सांगायला एवढी मोठी माणसं लागली.

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार 2024 मध्ये देशातल्या नागरिकांनी सायबर फसवणुकीत सुमारे 22,845 कोटी रुपये गमावले. आदल्या वर्षी हा आकडा 7,465 कोटी होता. तिपटीहून जास्त. हे सगळं काही यूपीआयवरून गेलेलं नाही, खोट्या गुंतवणुकीच्या गटांचा वाटा त्यात मोठा आहे. पण पैसा शेवटी कुठल्यातरी खात्यात उतरतो, आणि इथे या प्रश्नाचा सगळ्यात दुर्लक्षित भाग सुरू होतो. ते खातं कुणाचं असतं? बहुधा एखाद्या कॉलेजच्या पोराचं किंवा मजुराचं. पाच-दहा हजारांसाठी त्याने खातं भाड्याने दिलेलं असतं, पासबुक, कार्ड, सिम सगळं. काल उघडलेल्या खात्यात आज लाखो रुपये येतात आणि 10 मिनिटांत 20 वाटांनी निघून जातात, हे बँकेच्या संगणकाला दिसायला हवं. आता अशी खाती ओळखणारी यंत्रणा रिझर्व्ह बँकेच्या नवोपक्रम केंद्राने तयार केली आहे. आमच्या काकांचे 96 हजार ज्या खात्यात गेले, त्या खात्याच्या बँकेला मात्र कुणी एकही प्रश्न विचारला नाही.

आता नियमाकडे बघू. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक ग्राहकाचं मोठं रक्षण करतं, ते प्रत्येकाला माहीत असायला हवं. तुमची आणि बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर खात्याच्या प्रकारानुसार मर्यादित. बँकेने 10 कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात दाखवायची, 90 दिवसांत तक्रार निकाली काढायची, आणि ग्राहकच जबाबदार असल्याचं सिद्ध करायचा भार बँकेवर. चांगला नियम आहे. पण तो अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. फसवून का होईना, ग्राहकाने स्वतः पिन टाकला की तो व्यवहार अधिकृत ठरतो आणि या छत्राबाहेर जातो. 2017 मध्ये चोर पिन चोरत होते, आज ते तुमच्याच हातून टाकून घेतात. नियम जुन्या चोरीसाठी लिहिलेला आहे.

फसवून घेतलेली सही ही सही मानायची का, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 1875 च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जरोखे जाळले. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. रोख्यावर शेतकऱ्याचाच अंगठा होता, न्यायालयं तो अंगठा बघून निकाल देत होती. आत काय लिहिलंय हे अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नव्हतं. चौकशी आयोग बसला आणि 1879 मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. त्या कायद्याने शेतकऱ्याला "आधी साक्षर हो" असं सांगितलं नाही. न्यायाधीशाने अंगठ्यावर न थांबता व्यवहाराचा मागचा इतिहास तपासायचा, असं बंधन घातलं. शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोरच व्हायला हवा, असं ठरवलं. पैसे फेडले की पावती, वर्षाचा हिशेब आणि मागितलं तर पासबुक, हे हक्क दिले. त्या कायद्यातून पळवाटा निघाल्या, सावकार कर्जरोख्याऐवजी खरेदीखतं लिहून घेऊ लागले, हे खरं. तरी त्यामागचा विचार पक्का होता: ज्याला कागद कळतो आणि जो कागद तयार करतो, त्याच्यावर जास्त जबाबदारी. दीडशे वर्षांनी आपण अंगठ्याच्या जागी पिन आणला आणि तो विचार सोडून दिला.

इतरांनी तो धरला आहे. ब्रिटनमध्ये 7 ऑक्टोबर 2024 पासून, फसवणुकीला बळी पडून ग्राहकाने स्वतः पाठवलेले पैसेही 85 हजार पौंडांपर्यंत बँकेने परत करायचे असा नियम आहे. अर्धा भार पाठवणाऱ्या बँकेवर, अर्धा घेणाऱ्या बँकेवर. ही दुसरी अर्धी बाजू मला महत्त्वाची वाटते, कारण चोराचं खातं उघडून देणारी बँकही त्यामुळे जागी राहते. सिंगापूरने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विशिष्ट प्रकारच्या फसवणुकीत बँकांसोबत मोबाइल कंपन्यांनाही जबाबदार धरलं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोडून काढण्याजोगा नाही: भरपाई मिळणार म्हटल्यावर लोक बेफिकीर होतील, खोटे दावे येतील, आणि यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्कच मिळत नाही तर हा खर्च बँकांनी कुठून करायचा? यूपीआय चालवण्याचाच खर्च कुणाला तरी उचलावा लागेल, हे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनीही 2025 मध्ये सांगितलं होतं. म्हणून ब्रिटनसारखी पूर्ण भरपाई उद्याच द्या असं मी म्हणत नाही. पण आज सगळाच्या सगळा खर्च फसलेला माणूस उचलतो आहे, आणि त्याला ते परवडतं का असं कुणी विचारत नाही.

पैसे न लागता करता येण्यासारखंही बरंच आहे. पैसे मागण्याची विनंती पाठवून फसवण्याचा प्रकार वर्षानुवर्षं चालला. वर्षानुवर्षं जाहिराती झाल्या, पोस्टर लागली, आम्हीही फळ्यावर लिहिलं. शेवटी 1 ऑक्टोबर 2025 पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी विनंती पाठवायची सोयच बंद केली गेली. तो दरवाजा बंद झाला तेव्हाच ती वाट थांबली. तसंच पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं खरं नाव दिसणं 2025 मध्ये सक्तीचं झालं. बँकांची संकेतस्थळं आता "बँक डॉट इन" या राखीव पत्त्यावर हलवली गेली आहेत, म्हणजे नकली पत्ता ओळखणं सोपं झालं. काकांचा चौथा व्यवहार सुद्धा त्यांच्या सावधपणाने अडला नाही, मर्यादेने अडला. अजून एक पायरी हवी. साठीपुढच्या माणसाने अनोळखी खात्यात पहिल्यांदाच मोठी रक्कम पाठवली, तर ती तासभर तरी वाटेत थांबावी आणि घरच्या एका विश्वासू माणसाला कळावं. किराण्याचे 80 रुपये क्षणात जायला हवेत. डिपॉझिटचे 48 हजार तासाने गेले तर कुणाचं काही बिघडत नाही.

पैसे क्षणात जाण्याची ही घाई कमी होईपर्यंत घाई आपल्यालाच करावी लागते, आणि ती फसल्यानंतर. 1930 हा सरकारचा क्रमांक आहे. तिथे तक्रार गेली की पैसे ज्या ज्या खात्यांत फिरतात तिथे ते गोठवायचा निरोप जातो. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जायला मिनिटं लागतात, म्हणून पहिला तास-दोन तास मोलाचे. मग स्वतःच्या बँकेला कळवायचं, आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यायचा.

काकांनी 1930 ला फोन लावला तो तिसऱ्या दिवशी. इतका उशीर का केला, असं मी बँकेतून परत येताना रिक्षात विचारलं. ते बराच वेळ बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "मुलगा काय म्हणेल याची भीती वाटली. एवढी वर्षं शाळा चालवली, आणि आता हे." दोन दिवस त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. जेवत होते, पेपर वाचत होते आणि रात्री जागत होते.

म्हणून हे वाचणाऱ्या मुलामुलींना, सुनांना, जावयांना हात जोडून विनंती आहे. आजच संध्याकाळी आईवडिलांना सांगा, "चूक झाली तर आधी मला फोन करा, मी एक शब्द बोलणार नाही." आणि खरोखरच फोन आला, तर तो शब्द पाळा.